कुठल्या शंभरातले?

"काय गं, सांगलीचं ठरलं का मंग?"

काकूंनी हे भिंतीवरून विचारलं तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि दातांत दोन चिमटे धरले होते. समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशी वेळ गाठूनच प्रश्न टाकायचा, ही त्यांची जुनी खोड. तेवढ्यात चेहऱ्यावरून निम्मं त्यांना कळलेलं असतं. सांगलीचं म्हणजे काय हे खरं तर तिघांनाच माहीत असायला हवं होतं: मला, आमच्या ह्यांना आणि सांगलीला माझ्या आईला. पण सासूबाई रविवारी भिशीला जाऊन आल्या होत्या. म्हणजे गोडोलीतल्या निदान बारा घरांत चहाबरोबर ते वाटलं गेलं असणार.

चिमटे काढले. "नाही अजून काकू. चौकशी चाललीय."

"किती दवाखान्याची?"

"तीन."

"आगं, लेकाला पोरगी बगताना बी मी दोन घरं बगून थांबले हुते."

त्यांच्यासमोर भिंतीवर सूप होतं आणि सुपात गेल्या वर्षीचं राखून ठेवलेलं सोयाबीन. कोरेगावकडच्या रानात यंदा घरचंच बियाणं पेरायचं म्हणून निवडत बसल्या होत्या. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले, मृग दाराशी आलेला. फुटकं, सुरकुतलेलं बी बाजूला काढायचं, गोल टपोरं ठेवायचं. बोटं आपलं काम करत होती, तोंड आपलं.

मूल व्हावं म्हणून शोधलेले हे तीन दवाखाने कुठले तेही सांगून टाकते. नावं मात्र विचारू नका. एक इथलाच, साताऱ्यातला. दुसरा सांगलीचा, विश्रामबागेत, माहेरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिसरा पुण्याचा, त्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा कराडला येऊन पेशंट बघतात. तिघांच्याही पाट्यांवर टक्केवारी आहे. एकाची तर कमानीवर, एवढ्या मोठ्या अक्षरात की शेजारच्या पेढेवाल्याची पाटी झाकली गेलीय. मी हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळे टक्का दिसला की खाली काय आहे ते बघायची खोड. वही केली, रकाने आखले. आमचे हे म्हणाले, "दवाखाना शोधतीयस का दहावीचा निकाल लावतीयस?"

तो टोमणा बरोबर वर्मी बसला, कारण मला तोवर नेमकं काय खटकतंय ते कळत नव्हतं, ते त्या शब्दाने कळलं.

"काकू, तुमच्या नातवाच्या शाळेचा निकाल किती लागला होता?"

"शंभर टक्के. फलक लावला हुता की चौकात."

"आणि तुमच्या गल्लीतला तो दुसरा, गणितात कच्चा होता, त्याचं काय झालं?"

काकूंनी बोटं थांबवली. "त्याला सरांनी सतरा नंबर भराय लावला."

बस. सतरा नंबरचा फॉर्म ज्याला ठाऊक आहे त्याला दवाखान्याच्या टक्केवारीची बाराखडी शिकवावी लागत नाही. कच्ची पोरं बाहेरून बसवली की शाळेचा निकाल आपोआप शंभर. शाळा खोटं बोलली का? नाही. शंभरात कोणाला धरायचं ते तेवढं तिने ठरवलं. दवाखान्यातही तसंच. चाळिशीच्या पुढची, अंडी कमी उरलेली, चार ठिकाणी अपयश घेऊन आलेली बाई आली की "तुम्ही आधी वजन उतरवा", "तुम्ही मुंबईला दाखवा", किंवा "तुम्हाला दुसरीची अंडीच घ्यावी लागतील" असं सांगून बाजूला केली, की उरलेल्यांचा निकाल चढतो. आणि जो डॉक्टर सगळ्यांनी नाकारलेली बाई दारात उभी करून घेतो, त्याचा टक्का पडतो. मला तर वाटतं, पडलेल्या टक्क्याच्या दारात जाऊन एकदा विचारावं की बाबा, का पडला.

"म्हंजी नुसता टक्का बगून जाऊ नये," काकू म्हणाल्या.

"टक्का बघावा, पण कुठल्या शंभरातले ते विचारावं."

"मंग दाव की मोजून. हे घे." आणि त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

एकाच दवाखान्यात एकाच वर्षात दोन आकडे कसे निघतात ते मी त्या भिंतीवर मांडलं. समजा, १०० बायकांची इंजेक्शनं सुरू झाली. मी १०० दाणे मोजून ओळीने ठेवले. आता समजा, ८ जणींच्या बीजकोशात अंडी नीट वाढलीच नाहीत, डॉक्टरांनी मध्येच थांबवलं. आठ दाणे काढले. उरले ९२. आणखी १२ जणींची अंडी काढली, पण त्यांचा गर्भ तयार झाला नाही किंवा ठेवण्याजोगा निघाला नाही. बारा काढले. राहिले ८०. या ८० जणींच्या पोटात गर्भ सोडला. चौदा-पंधरा दिवसांनी रक्ताची ती बीटाची तपासणी, त्यात ४० जणींचं पॉझिटिव्ह आलं. पुढे सोनोग्राफीत ठोका दिसला ३४ जणींना. आणि घरी पाळणा हलला २८ जणींच्या.

"आता पाटी रंगवणाऱ्याने काय लिहायचं?" मी विचारलं.

काकूंनी ऐंशींतले चाळीस बघितले. "निम्मं. पन्नास टक्के."

"आणि पहिल्या दिवशी इंजेक्शन घेऊन घरी आलेल्या बाईने काय समजायचं?"

त्यांनी सगळ्या दाण्यांवरून नजर फिरवली, बाजूला काढलेले वीस पुन्हा ओळीला लावले. "आठ्ठावीस," म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् दोन्ही बी खरं."

दोन्ही खरंच. म्हणून तर भांडण करता येत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे पेरलेलं मोडावलं, एवढंच. ठोका म्हणजे रोप वर आलं. मळणी होऊन पोतं घरात येईपर्यंत अजून सात-आठ महिने. पाटीवर 'यश' लिहिताना ते मोडावर मोजलं की पोत्यावर, हे लिहायला जागा नसते.

मग काकूंनी जे विचारलं ते मला आठ दिवस वाचून सुचलं नव्हतं. "आन् खोडवा कशात धरत्यात?"

आधी कळेना. मग कळलं आणि हसूच आलं. एका खेपेला अंडी काढली की कधी चार-पाच गर्भ होतात. एक सोडला, बाकीचे गोठवून ठेवले. पहिला रुजला नाही तर दोन महिन्यांनी दुसरा, पुन्हा इंजेक्शनांची सुरुवातीची सगळी दगदग न करता. उसाचंच झालं की हे: लागण एकदा, पुढे खोडवा. आता खोडव्याचं पीक लागणीच्या हिशेबात मिळवायचं की वेगळं लिहायचं? मिळवलं तर एका बाईमागे मूल होण्याचा टक्का वाढतो आणि तो आकडा खरं तर तिच्या जास्त उपयोगाचा, कारण तिला मूल हवंय, पहिल्याच महिन्यात हवंय असं नाही. पण तो सांगताना 'एका लागणीमागे, सगळे खोडवे धरून' असं म्हणायला हवं. वहीत एक रकाना वाढवला. त्याचं नाव खोडवा असंच ठेवलंय.

एवढ्यात पलीकडच्या घरातून माई आल्या. त्यांची भिंत काकूंच्या भिंतीला काटकोनात आहे, त्यामुळे तिघी एका कोपऱ्यात जमतो. माईंनी वाटीत भडंग आणलं होतं, म्हणजे त्यांनाही सांगलीचं कळलेलं होतं.

"आमचं बिऱ्हाड मुंबईत परळला होतं तेव्हा," माईंनी थेट मध्यातूनच सुरुवात केली, "केईएममध्ये काचेतलं मूल जन्मलं म्हणून नळावर नुसता गलका. मला वाटलं खरंच बरणीत वाढवलं की काय. आमच्या चाळीतल्या दोघी बघायला जाऊन आल्या, आत कोण सोडतंय!"

तो दिवस ६ ऑगस्ट १९८६. मुलीचं नाव हर्षा. डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या पथकाचं ते काम. गिरणी संपानंतर निम्मं सातारा-सांगली गावाकडे परतलं होतं, माईंचं घर तेवढं चार-पाच वर्षं चिकटून राहिलं, म्हणून त्यांच्या वाट्याला ही आठवण आली.

"काय झालं गं त्या पोरीचं पुढे?"

"आई झाली की ती. २०१६ साली."

माईंनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

मी त्यांना दुर्गेचीही गोष्ट सांगितली. इंग्लंडात जगातली पहिली अशी मुलगी, लुईस ब्राउन, जन्मली २५ जुलै १९७८ ला, आणि सत्तर दिवसांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ही दुर्गा जन्मली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि त्यांचं म्हणणं उडवून लावलं. त्यांची बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९८१ साली त्यांनी जीव दिला. पुढे १९९७ मध्ये त्यांच्या टिपणवह्या वाचून, भारतातला पहिला मान त्यांचा, असं जाहीर सांगितलं ते याच आनंद कुमारांनी. हातात जिवंत मूल असून माणसाला कोणी यश म्हणू दिलं नाही. आणि आता कमानीवर आधी यश लिहितात.

"आन् त्या इंग्लंडातल्या डाक्टराला पैल्याच झटक्यात जमलं व्हय?" काकू.

कुठलं पहिल्या झटक्यात! १९६९ ते ७८ या नऊ-दहा वर्षांत, लुईसच्या जन्मामागच्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्याकडे २८२ बायका आल्या. ११२ वेळा गर्भ पोटात सोडला. गरोदर राहिल्या ५ जणी. मुलं झाली २. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं ते या निकालाच्या पायावर. आजच्या कमानीवर हा आकडा लावला तर वॉचमनसुद्धा नोकरी सोडेल.

तिकडे इंग्लंडात १९९१ पासून एक सरकारी मंडळ दवाखान्यादवाखान्याची नोंद ठेवतं आणि लोकांसमोर मांडतं. सोडलेल्या एका ताज्या गर्भामागे मूल होण्याचं प्रमाण तिथे १९९१ ला ७ टक्के होतं, २०२२ ला २५. पस्तिशीच्या आतल्या बायकांत ३५ च्या आसपास. अमेरिकेनेही १९९२ साली त्यासाठी कायदा केला. म्हणजे तिथली बाई स्वयंपाकघरात बसून आपल्या वयाच्या ओळीत बोट ठेवू शकते. आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे, राष्ट्रीय नोंदवही आहे, दवाखान्यांनी आपली माहिती तिकडे द्यायचीही आहे. पण दवाखान्याच्या नावासमोर टक्का असा तक्ता काही माझ्या वहीला मिळाला नाही. म्हणून भिंत, सूप आणि काकू.

ह्या सगळ्यात माईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या जवळ सरकल्या. "तिथं... म्हणजे... मुलगाच देतात का गं?"

"माई, तुरुंगात जायचंय का?"

"अगं, मी आपलं विचारलं!"

काकूंनी भडंगाची वाटी खाली ठेवली. त्यांच्या माहेरगावात एक नकुसा होती. चौथी मुलगी, म्हणून आजीने हेच नाव ठेवलेलं, हजेरीपटावरही तेच. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम झाला, जिल्ह्यातल्या अशा पावणेतीनशेच्या वर मुलींना नवी नावं दिली. काकू म्हणाल्या, "ती बी आली हुती. परत आल्यावर आठ दिवस रस्त्यात कोणी जुन्या नावानं हाक मारली तर वळायची न्हाई." माई काही बोलल्या नाहीत. त्या आपल्या भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिल्या.

मला त्या बाबतीत माईंचा राग येत नाही असं नाही. पण आमच्याच घरात सासूबाईंनी देवघरात जो नवस बोललाय त्यात 'नातू' असा शब्द आहे, 'नातवंड' नाही. हे त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू लिहितेय.

"एक विचारू?" काकूंचा आवाज खाली आला. हा आवाज मला माहीत आहे. "त्याची तपासणी झाली?"

"झाली."

"कधी?"

"सगळ्यात शेवटी."

नरसोबाच्या वाडीला पाच वर्षं पौर्णिमा धरल्या, माझी दुर्बिणीची तपासणी झाली, पोटावर तीन टाके पडले, एका काकांनी पाठवलेलं कडू चूर्ण मी सहा महिने खाल्लं. आणि ज्याला एक प्लॅस्टिकची डबी आणि वीस मिनिटं लागतात ती तपासणी सातव्या वर्षी. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण असतं. जगात सहांतल्या एकाला कधी ना कधी हा प्रश्न येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी दवाखान्यात बघितलं तर फक्त बायकाच येताना दिसतात. आमच्या ह्यांचं आकड्यांत थोडं कमी आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या वहीत स्वतःच्या हाताने एक ओळ आखून दिली: 'पुरुषाची कारणं असलेल्यांत किती?'

तिसऱ्या दवाखान्याचं पॅकेज हा काकूंचा आवडता विषय झाला. एका खेपेला दीड-दोन लाख सहज जातात, औषधांचं धरून-न धरून. तर तो दवाखाना म्हणतो, तीन खेपांचे एकदम भरा, नाही झालं तर काही रक्कम परत.

"पीकविमा म्हण की," काकू.

"तसंच. पण तपासण्या बघून मगच पॅकेजात घेतात."

"ज्येच्या रानाला बारमाही पानी हाय त्येलाच विमा," काकूंनी निकाल दिला आणि मूठभर भडंग तोंडात टाकलं.

त्याच ठिकाणच्या सल्लागार ताईंनी दुसऱ्याची अंडी घेतली तर टक्का कितीतरी वर जातो असं हसतमुखाने सांगितलं होतं. खरंच जातो, कारण देणारी तरुण असते. कायद्याने ती २३ ते ३५ वयाचीच हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि एका वेळी सातच्या वर अंडी काढायची नाहीत. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हे फार मोठं दान आहे. पण माझं वय ३४, अंडी आहेत, आणि पाटीवरचा आकडा दोन्ही मिसळून काढलेला. मी विचारलं, स्वतःच्या अंड्यांवाल्यांचं वेगळं सांगता का? ताईंनी लॅमिनेट केलेलं कार्ड उलटं केलं. मागे पॅकेजचे हप्ते होते.

सांगलीला मात्र वेगळं घडलं, आणि काकूंना ते दोनदा सांगावं लागलं. परवा शनिवारी गेले होते. बाहेरच्या खोलीत नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीला लावलेलं. मी मुदतीची तारीख वाचली तेव्हा काउंटरवरची मुलगी माझ्याकडे इन्स्पेक्टर आल्यासारखी बघत होती. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीत अडकवलेला. मी वही उघडली. बोलणार तोच त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि रकाने वाचले. मग वर बघितलं. "हे काय?"

सांगितलं. त्या खूप वेळ हसल्या. मग औषध कंपनीच्या एका पॅडची मागची कोरी बाजू घेतली आणि स्वतःच्या रजिस्टरमधून बघत लिहायला लागल्या. पस्तिशीच्या आतल्या किती जणींना सुरू केलं. किती मध्ये थांबवल्या. किती जणींच्या पोटात गर्भ सोडला. किती बाळं. आकडे मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या रजिस्टरचे आणि माझ्या वहीचे. कमानीवर शोभतील असे नव्हते. एका ओळीपाशी पेन थांबलं. "ह्या चार जणी नंतर आल्याच नाहीत, फोनही लागत नाही. ह्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. यांना मी झालं नाही यातच धरते."

कायद्यात आहे म्हणा हे. इथल्या उपचारात यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, जुळं-तिळं राहण्याचा धोकासुद्धा, हे दवाखान्याने जोडप्याला समजावून सांगायचं आहे. तक्रारीसाठी कक्षही ठेवायचा आहे. तरी तो कागद मी घडी करून मंगळसूत्राच्या डबीत ठेवलाय.

"मंग ठरलंच की," काकू म्हणाल्या. "ज्येनं पळालेलं गिऱ्हाईक आपल्या खात्यात तोट्यात धरलं त्येच्याकडं जायाचं."

"गोव्याला सरकारी इस्पितळात फुकट करतात म्हणे," माईंनी शेवाळ सोडून एकदम वर बघितलं.

करतात. बांबोळीला, २०२३ पासून. आमच्या ह्यांनी तेही काढलं होतं. पण इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस, एक दिवसाआड सोनोग्राफी, तिथे राहायचं कोणाकडे आणि शाळेत रजेचं कारण काय लिहायचं? सांगलीला आई आहे. आईच्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं दुधाच्या पातेल्याशेजारी राहतील. टक्क्यांच्या वहीत ह्या गोष्टीला रकाना नव्हता. रात्री झोपताना घातला.

आमचं हे बोलणं चाललं तोवर काकूंनी माझे शंभर दाणे उचलले होते. ओलं गोणपाट आणून त्यावर दहा-दहाच्या ओळी लावल्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी केली आणि सुतळीने बांधली. घरचं बियाणं म्हटल्यावर पेरायच्या आधी हे करायचंच. विकतच्या पिशवीवर उगवण ७० टक्के छापलेली असते, पण काकूंचा छापील गोष्टीवर विश्वास नाही. पाच-सहा दिवसांनी सोडून मोजायचं. सत्तर उगवले तर नेहमीएवढं बी, साठ उगवले तर एकरी थोडं जास्त टाकायचं.

"गुरुवारची सांगलीची किती वाजताची गाडी?" त्यांनी गुंडाळी बगलेत धरत विचारलं.

"सकाळी सातची. कराडवरून. का हो?"

"मी येते. गणपती बगून हुईल, आन् तू आत गेल्यावर बाहेर कुणीतरी पाहिजे पिशवी धराय. भडंग बी आणू."

"अहो, तीन-साडेतीन तास बसायचं. आणि तिकीट..."

"तुझं आर्धं. माझं फुकाट. पंच्याहत्तरच्या वरच्याला फुकाट हाय."

मी हिशेब केला. त्यांच्या थोरल्या मुलाचं वय मला माहीत आहे. "काकू, तुम्ही एकाहत्तरच्या आहात."

"आधारावर बग जा की," म्हणाल्या आणि गुंडाळी मोरीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवायला आत गेल्या.